वेणूबाई आणि बाहेर न जाणारा ग्रंथ

बाई,

परवा तुमच्या शोकसभेत तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही तुम्हाला 'शांत आणि मितभाषी' म्हटलं. मी मागच्या बाकावर होतो. पहिल्या वेळी दम धरला, दुसऱ्या वेळी उपरण्याचा बोळा तोंडावर धरला, तिसऱ्या वेळी मात्र उठून बाहेर आलो. लोकांना वाटलं, रेवणप्पाला रडू आवरेना. कुणीतरी पाण्याचा तांब्याही आणून दिला. मी हसत होतो, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. हसता हसता मग दुसरंही आलं, तेही लपवत नाही.

तुम्ही म्हणे मितभाषी! सोलापूरच्या भर वैशाखात, भर रस्त्यावर, इंग्लंडच्या राजाचं डोकं उडवून दाखवणारी बाई मितभाषी? ते वक्ते बिचारे तुम्हाला शाळेच्या समारंभात हार घालताना पाहिलेले. मी वाचनालयाचा ग्रंथपाल. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते दारात, हातात छत्री, आणि ती छत्री मिटायचीसुद्धा वाट न बघता तुम्ही विचारलंत, "इंग्लंडच्या इतिहासाचा तो मोठा कोश इथं आहे म्हणतात. आहे का?"

होता. खालच्या फळीवर होता. बदली होऊन विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या न्यायाधीशानं जाता जाता दिलेला. लाल कातडी बांधणी, वीतभर जाडी, राजे, राण्या, लढाया, कायदे सगळे ए पासून झेडपर्यंत ओळीनं उभे केलेले. वर मी चिठ्ठी चिकटवली होती : 'संदर्भग्रंथ. जागेवरच वाचावा.' तोवर झुरळं तेवढी तो जागेवर वाचत होती.

"बाहेर देता येत नाही, बाई," मी म्हणालो.

"मग इथं बसून वाचते."

"इथं बायका बसत नाहीत."

"तसा नियम आहे?"

मी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. तुम्ही चष्मा सारखा करून वाचायला लागलात : थुंकू नये, वर्तमानपत्र फाडून नेऊ नये, पादत्राणं बाहेर ठेवावीत, मोठ्यानं वाचू नये. हा शेवटचा नियमसुद्धा तुम्ही मोठ्यानंच वाचलात. मग पायातल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्यात आणि आत येऊन बसलात. पाच वाचक होते. पाची वर्तमानपत्रं वर गेली, आणि एका पेन्शनर गृहस्थांनी केशतेलाच्या जाहिरातीचं पान अर्धा तास वाचलं.

तुमची घाई मला नंतर कळली. मुलींच्या शाळेत मॅट्रिकपर्यंतचे वर्ग काढायचं घाटत होतं. बाकीच्या विषयांना बाया मिळाल्या होत्या. इंग्लंडचा इतिहास शिकवायला कुणी नव्हतं, आणि पुरुष मास्तर नेमला तर मुली घरी बसवू असं पालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे इतिहासाला बाई नाही तर वर्ग नाही, आणि मुलींनी सातवी झाली की पोळपाट धरायचा. तेव्हा शाळेच्या सभेत तुम्ही उठून म्हणालात, "मी शिकवते." तुम्हाला स्वतःला त्या इतिहासातले दोन राजे धड ठाऊक नव्हते. शाळा उघडायला दोन महिने होते. मॅट्रिकचं क्रमिक पुस्तक तुम्ही चार दिवसांत संपवलंत आणि तुमच्या लक्षात आलं, की त्यात राजा येतो आणि जातो, पण का आला आणि का गेला ते सांगत नाही. मुली 'का' विचारणार. त्या 'का'साठी तुम्हाला तो लाल ग्रंथ हवा होता.

चौथ्या दिवशी मी दारावर नवा कागद लावला. कार्यकारी समितीचा निर्णय : 'स्त्रियांनी वाचनालयाच्या दालनात बसू नये.' तुम्ही तो उन्हात उभं राहून दोनदा वाचलात. मी आत टेबलाशी मान खाली घालून, लिहून झालेलंच पुन्हा लिहीत होतो.

"रेवणप्पा, दालन कुठवर?"

"उंबऱ्यापर्यंत."

"आणि हा ओटा कुणाचा?"

"ओटाही वाचनालयाचाच की."

"मग जागेवरच झालं. आणा ग्रंथ."

याचं उत्तर मी आजतागायत शोधतोय. पाटा उचलावा तसा दोन्ही हातांनी मी तो ग्रंथ बाहेर आणला.

त्या उन्हाळ्यात तुम्ही रोज त्या ओट्यावर बसलात. समोरच्या लिंबाची सावली दुपारी एकपर्यंत असायची, नंतर छत्री. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जेवताना ग्रंथ सात हात लांब, माझ्या ताब्यात. चटणीचं तेल त्याला लागलं नाही एवढं तुमच्या बाजूनं मी कोर्टातही सांगेन. रस्त्यानं माणसं जायची, बघायची, पुढं जायची. थांबली ती नरसव्वा. साखर पेठेतल्या मागवाल्यांच्या घरची, डोक्यावर सुताच्या लडींचं गाठोडं.

"कुठली पोथी हाय बाई ही?"

"पोथी नव्हे. इंग्रजांच्या घरातली भांडणं आहेत."

"मग मनात काय वाचतायसा? मोठ्यानं वाचा की."

मी आतून ओरडलो, "मोठ्यानं वाचू नये, नियम आहे!"

तुम्ही वळून म्हणालात, "रेवणप्पा, ओटा दालनात धरता की नाही, एकदा ठरवा. दालनात असेल तर मी आतच येऊन बसते. नसेल तर तुमचा नियम आतल्यांना."

झालं. नरसव्वानं गाठोडं खाली ठेवलं. तुम्ही इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. नरसव्वा शेजारणींना तेलुगूत सांगणार. कारण दुसऱ्या दिवशी ती एकटी आली नाही. सहा बायका करणाऱ्या त्या राजाचा दिवस मला अजून आठवतो. "सहा?" नरसव्वा म्हणाली. "आन् पोरी देनारे बाप तरी कसले म्हनायचे?" तिनं एकेकीचं काय झालं ते बोटावर मोजत विचारून घेतलं. दुसरीचा शिरच्छेद झाला म्हटल्यावर ते बोट तिनं मिटून घेतलं. शेवटची जगली हे कळल्यावर तिनं असा सुस्कारा टाकला, की आतल्या पेन्शनरांनीही पान उलटलं. ते ऐकत होते, बाई. सगळे ऐकत होते. त्या महिन्यात वाचनालयात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता.

मग ती म्हणाली, "राजाराणीचं झालं. तितल्या मागवाल्यांच्या बायका काय करत व्हत्या?" तुम्ही तीन दिवस शोधलंत. राण्या सापडत होत्या, सरदारांच्या मुली सापडत होत्या, मागवाल्यांच्या बायका काही सापडेनात. चौथ्या दिवशी तुम्ही तिला सरळ सांगितलंत, "लिहिलेलं नाही गं यात." नरसव्वा म्हणाली, "मग एवढं जाड कशानं झालंय?" तुमचा चेहरा असा झाला, जणू परीक्षेला नेमका न वाचलेलाच प्रश्न आला.

पुढं दुसऱ्या एका राजाचा खटला सुरू झाला तेव्हा गर्दी रस्त्यावर गेली. पार्लमेंटला न विचारता राजा कर बसवतो, पार्लमेंट नाही म्हणतं, राजा ऐकत नाही, लढाई होते, राजा हरतो, पकडला जातो. त्या दिवसांत चार माणसं एका जागी दिसली तरी पोलिसांच्या कपाळाला आठी पडायची. हवालदार काठी आपटत आला तो नेमका "आणि राजाचं डोकं उडवलं" या वाक्याला.

"कुठल्या राजाचं?" तो म्हणाला. त्याचा रंगच उडाला होता.

"इंग्लंडच्या."

"कुनी उडवलं?"

"इंग्लंडच्या लोकांनी."

"असं बोलायचं नसतं बाई, तुमी शिकलेल्या दिसताय..."

तुम्ही ग्रंथ त्याच्यापुढं फिरवलात. "मी बोलत नाही हो. हे साहेबांनी लिहिलंय, साहेबांच्या गावात छापलंय, आणि साहेबांनीच आम्हाला भेट दिलंय. ही बघा न्यायाधीशांची सही. तुम्ही म्हणत असाल तर मी वाचत नाही, पण मग न्यायाधीशांनी वाईट पुस्तक दिलं असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

हवालदारानं सही पाहिली. पगडी सारखी केली. माझ्याकडे पाहिलं; मी छताकडे पाहिलं. "लिव्हायचं काय कारन न्हाय," तो म्हणाला, "रस्ता तेवढा मोकळा ठिवा." आणि दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात येऊन लिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला. पुढं गादीवर कोण बसलं, ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

पण खरा रस्ता अडला तो आमच्या अध्यक्षांचा. नानासाहेब, निवृत्त वकील, रोज पाचला वर्तमानपत्रासाठी यायचे. त्या दिवशी ओटा बायकांनी भरलेला, पायऱ्या भरलेल्या, आणि तुम्ही खटल्याचं पुन्हा सविस्तर सांगत होतात, कारण आदल्या दिवशी हवालदारामुळं घाई झाली होती. नानासाहेब "जरा वाट, जरा वाट" करायला लागले. नरसव्वा मागं न बघता म्हणाली, "आजोबा, दमानं घ्या. राजाचा खटला चाललाय."

वकिलाच्या कानावर 'खटला' पडला की त्याचे पाय थांबतात. ते काठीवर रेलून ऐकायला लागले. थोड्या वेळानं त्यांना राहवेना.

"पण राजावर खटला चालवायचा अधिकार त्या कोर्टाला आला कुठून?"

"हेच राजानंही विचारलं," तुम्ही म्हणालात.

"आं? मग? कोर्टानं काय सांगितलं?"

तुम्ही ग्रंथ मिटलात. इतका हळू मिटलात, की मला आत टेबलाशी बसून घाम फुटला. "त्याचा उलगडा तीन निरनिराळ्या ठिकाणी दिलाय, नानासाहेब. ताडून बघावं लागेल. इथं ऊन डोळ्यांवर येतं. आत टेबल असतं तर सांगितलं असतं."

नानासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. लांबून गिरणीचा भोंगा झाला. मग ते म्हणाले, "रेवणप्पा, खिडकीजवळचं टेबल मोकळं करा."

दारावरचा कागद मीच काढला. खळ घट्ट लावली होती, ती ओल्या फडक्यानं घासून घासून काढावी लागली. पुढच्या सभेत नानासाहेबांनी खिडकीजवळची जागा स्त्रीवाचकांसाठी म्हणून पक्की करून घेतली आणि वर समितीला ऐकवलं, की पायऱ्या अडण्यापेक्षा टेबल अडलेलं परवडतं. जूनमध्ये तुमचा वर्ग उघडला. सात मुली. 'का' विचारणाऱ्या सात मुली, आणि संध्याकाळी खिडकीजवळ त्यांची उत्तरं शोधत बसलेल्या तुम्ही.

तिथून आपली भांडणं सुरू झाली. माझ्या अंगावर खादी, आणि माझं म्हणणं असं, की आपल्या वाचनालयात असल्या ग्रंथाला एवढा मान कशाला? आपल्या मुलींनी परक्या राजांच्या वंशावळी पाठ करून काय मिळवायचं? तुम्ही म्हणायचात, "घरात शिरलेल्या माणसानं आपली कुळकथा स्वतःच लिहून दिलीय, आणि तुम्ही म्हणता वाचू नका. कर का नाकारायचा, हे त्यांच्याच वाडवडिलांनी लिहून ठेवलंय, रेवणप्पा. हे पान कपाटात ठेवून कुणाचा फायदा?" मी म्हणायचो, "आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय? खोटं!" तुम्ही म्हणायचात, "कुठं खोटं ते दाखवा." मी दाखवू शकायचो नाही, कारण मी तो ग्रंथ वाचलेलाच नव्हता. माझं इंग्रजी पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचण्यापुरतं.

शेवटी खोटं तुम्हीच शोधून काढलंत. आपला सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला त्याची दोन ओळींत नोंद होती, आणि त्यात म्हटलं होतं, की हा डोंगरी किल्ला. डोंगरी! तळ्याकाठचा आपला भुईकोट, शेळ्यासुद्धा ज्याच्या खंदकापर्यंत डुलत डुलत जातात! तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलंत, 'चूक. हा किल्ला सपाटीवर आहे. येऊन पाहावा.' मी ते पाहिलं आणि माझ्यातला ग्रंथपाल खवळला. संदर्भग्रंथात लिहिणं! मी रबर घेऊन खोडलं आणि तुम्हाला नको ते बोललो. रागावलो की माझी जीभ घरच्या कानडीवर जाते, तशी गेली. तुम्ही शांतपणे ऐकलंत (बाई, आयुष्यात ही एकच वेळ, म्हणजे वक्ते अगदीच खोटे नव्हते), आणि म्हणालात, "ननगू कन्नड बरतैति, रेवणप्पा." मलाही कानडी येतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मराठीत म्हणालात, "छापलेली चूक ठेवायची आणि लिहिलेली दुरुस्ती खोडायची. बरा न्याय आहे."

अकरा दिवस आपण बोललो नाही. बाराव्या दिवशी त्या पानात एक कागदाची चिठ्ठी निघाली. तोच मजकूर, तुमच्या अक्षरात. चिठ्ठी ठेवू नये असा नियम नव्हता. मी ती वाचली, पुन्हा पानात ठेवली आणि तुमच्यापुढं ग्रंथ आणून ठेवला. तुम्ही ते पान उघडून पाहिलंत आणि वाचायला बसलात.

मग चिठ्ठ्या वाढत गेल्या. सगळ्या काही दुरुस्त्या नव्हत्या. कुठं, 'हे मुलींना आवडलं.' कुठं, 'या कायद्याचं कारण आणखी एका नोंदीत आहे, तिकडं पाहावं.' विलायती कापड जगभर कसं गेलं याची मोठी रसभरीत नोंद आहे, तिथं तुमची चिठ्ठी : 'हे कापड इथं आल्यावर इथल्या मागांचं काय झालं ते या पानावर नाही. नरसव्वाला विचारावं.' आणि तुम्ही खरोखर विचारलंत. त्याच्या पाच चिठ्ठ्या आहेत, तिच्या सासऱ्यांच्या काळापासूनच्या. आज कुणी मला विचारलं, या ग्रंथाची योग्यता काय, तर मी म्हणेन, चांगला संदर्भग्रंथ आहे. पण चिठ्ठ्यांसकट वाचावा.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते. खरं तर राहिलं नाही, तुमच्यामुळं. पण पुन्हा एकदा लिहितो म्हणजे मनावरचं उतरेल.

तुम्ही तापानं पडलात तेव्हा एका सकाळी मी भेटायला आलो. तुमचे यजमान औषध आणायला गेले होते. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं, की तो दारावरचा निर्णय समितीनं आपणहून घेतलेला नव्हता. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच दिवशी संध्याकाळी मीच समितीला अर्ज केला होता. 'एक स्त्री येऊन बसल्याने वाचकांची कुचंबणा होते.' माझी नोकरी नवी होती, घरात लेकरं लहान. लोक तक्रार करतील आणि माझ्यावर येईल, म्हणून मीच आधी तक्रार केली.

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "कुचंबणा. त्यातला कु तुम्ही दीर्घ लिहिला होता."

"म्हणजे?"

"नानासाहेबांनी अर्ज मला त्याच वर्षी दाखवला. हसत होते."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "मग इतकी वर्षं काही बोलला कशा नाहीत?"

तुम्ही डोळे उघडलेत. "काय बोलायचं? त्या उन्हाळ्यात रोज दोन वेळा तुम्ही तो ग्रंथ बाहेर आणून द्यायचात आणि आत न्यायचात. एकदाही नाही म्हणाला नाहीत. मी एकदा उचलून पाहिला होता, रेवणप्पा. फार जड आहे."

मग तुम्ही मला झोपेला अडथळा करतो म्हणून घालवून दिलंत. ती आपली शेवटची भेट. तुमचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. मानले असते तर तुम्ही त्यातही ह्रस्व-दीर्घ काढलं असतं.

परवाच्या शोकसभेनंतर समितीतल्या एका नव्या सभासदांनी सुचवलं, की ग्रंथाची बांधणी खिळखिळी झाली आहे, ती नवी करावी आणि आतला 'कचरा' काढून टाकावा. मी हो म्हणालो, बांधणीला. बाइंडरला काल वाचनालयातच बोलावलं आणि दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिलो. प्रत्येक चिठ्ठी ज्या त्या पानाला शिवून घेतली. तो कुरकुरला. "ग्रंथपालसाहेब, असं पुस्तक मिटायचं न्हाय नीट." न मिटू दे म्हटलं. समितीला काय सांगायचं ते मी पाहून घेईन. या खेपेला अर्ज नीट लिहीन.

आणि एक. माझी लेक गौरा तुमच्या तिसऱ्या तुकडीत होती. तिला पुढं शिकवा म्हणून तुम्ही माझ्या घरी येऊन माझ्याशी भांडलात आणि माझ्या बायकोनं माझ्याऐवजी हो म्हणून टाकलं. तुम्ही अंथरूण धरल्यापासून ती रोज संध्याकाळी वाचनालयात येते, आणि आम्ही दोघं तो ग्रंथ वाचतो. पहिल्या पानापासून. ती इंग्रजी वाचते, मी अडखळत तिच्यामागून. अडलं की ती हसते, अगदी तुमच्या वर्गातलं हसू. गेल्या आठवड्यात 'सी' संपलं; त्या डोकं उडवलेल्या राजाचं नाव त्याच अक्षरात येतं. कर नाकारल्याची सगळी हकिकत मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, दोनदा वाचली.

इंग्लंडच्या राजांबद्दल माझं मत काही बदललेलं नाही, बाई. पण आता कुठं खोटं लिहिलंय असं कुणी विचारलं, तर मी पान काढून दाखवू शकतो.

तुमचा,
रेवणप्पा